बिल सापडत नाहीये

गेल्या महिन्यात रॅमच्या दोन स्टिक विकायला काढल्या. जुन्या कॉम्प्युटरमधल्या, सोळा-सोळा जीबीच्या, डीडीआर-४. नवीन मशीनला त्या बसत नव्हत्या म्हणून कपाटात पडून होत्या. जाहिरात टाकून दहा मिनिटंही झाली नसतील, पहिला मेसेज आला. मला वाटलं होतं घासाघीस असेल. पण त्यात एवढंच होतं, ‘बिल आहे का?’ आमच्या घरात एक ड्रॉवर आहे, त्यात कधीतरी लागेल असं सगळं जातं. मिक्सरचं वॉरंटी कार्ड, पासपोर्ट फोटोतले उरलेले दोन, कुठल्या तरी कपाटाचे जादा स्क्रू, विम्याच्या पावत्या. रॅमचं बिल शोधताना हाताला आधी दुसरंच बिल लागलं. चार घड्या घातलेला ए-फोर कागद, घडीवर जरा पिवळा पडलेला. ग्राफिक्स कार्ड जीटीएक्स १६६० सुपर, सहा जीबी, नग एक, जीएसटीसह २०,५०० रुपये, तारीख १८ जानेवारी २०२०. मी तो कागद उभ्यानेच दोनदा वाचला. कारण हेच बिल फेब्रुवारी २०२१ मध्ये एका मुलाने माझ्याकडे मागितलं होतं, आणि मी त्याला म्हणालो होतो, “शोधलं रे, सापडत नाहीये.”

तेव्हाही ते याच ड्रॉवरमध्ये होतं आणि मला ते माहीत होतं.

ते कार्ड, म्हणजे कॉम्प्युटरच्या पडद्यावर चित्र उमटवणारा भाग, मी स्वतःसाठी घेतलं होतं. चाळिशी ओलांडलेल्या माणसाने रात्री अकरानंतर हेडफोन लावून गेम खेळणं हा आमच्या घरातला थट्टेचा विषय आहे, तो मी कधीच मनावर घेतला नाही. पुढे लॉकडाउन लागला तेव्हा तर त्या कार्डाने मला माणसात ठेवलं म्हणायला हरकत नाही. मग २०२० च्या सप्टेंबरात अशा कार्डांच्या एन्व्हिडिया कंपनीने नवीन पिढीची कार्डं आणली. कंपनीचे प्रमुख जेन्सन ह्वांग काळं लेदर जॅकेट घालून आपल्याच स्वयंपाकघरात उभे होते, मागे सांडशी-उलथनी टांगलेली, आणि तिथून त्यांनी किमती सांगितल्या. आरटीएक्स ३०८० अमेरिकेत ६९९ डॉलर, आपल्याकडे ७१ हजारांपासून. कार्ड १७ तारखेला विक्रीला आलं आणि पाणी वाळूत जिरावं तसं गेलं. लोक वेबसाइटवर बोट ठेवून बसले होते, पण त्यांच्या आधी बॉट म्हणजे कुणाचे तरी प्रोग्रॅम पोचले होते. त्याच दिवशी ती कार्डं दुसऱ्या साइटवर दुपटीने विकायला लागली. मी हे सगळं मजेने वाचत होतो. माझ्याकडे माझं कार्ड होतं.

फेब्रुवारी २०२१ मध्ये बातमी आली की आरटीएक्स ३०६० येतंय, भारतात साडेएकोणतीस हजारांपासून. वर असंही की या कार्डात मायनिंगला, म्हणजे क्रिप्टोची डिजिटल नाणी पाडायला, मुद्दाम खीळ घातली आहे, म्हणजे क्रिप्टोवाले त्याच्या वाटेला जाणार नाहीत आणि ते आपल्यासारख्यांना मिळेल. त्याच सुमारास माझ्या लक्षात आलं की माझं वापरलेलं १६६० सुपर लोक चक्क ३४-३५ हजारांना मागतायत. मी कागदावर हिशेब मांडला. जुनं चौतीसला द्यायचं, नवीन साडेएकोणतीसला घ्यायचं, वर साडेचार हजार खिशात. हा हिशेब मी बायकोलाही दाखवला. ती म्हणाली, “इतकं सोपं असतं तर सगळ्यांनीच नसतं केलं?” मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही.

तो मुलगा साताऱ्याहून एसटीने आला. वीस-एकवीसचा असेल. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, दोघांच्याही तोंडाला मास्क, असा तो व्यवहार झाला. त्याने कार्ड हातात घेऊन आधी पंखे बघितले, मग उलटं करून मागच्या बाजूला काही काळवंडलंय का ते बघितलं, वासही घेतला. “काका, मायनिंगला नाही ना वापरलं?” मी म्हणालो, “नाही रे, गेम खेळायचो.” त्यावर तो जरा हसला. तो थ्रीडी ॲनिमेशन शिकत होता, रेंडर करायला लागेल म्हणाला. पैसे त्याने आहेराच्या पाकिटातून काढले. पाकिटावरचा एक रुपया तसाच चिकटलेला होता, कुणाच्या तरी लग्नातलं पाकीट घरात होतं तेच घेतलेलं असणार. मी चौतीस हजार मोजले. मग त्याने विचारलं, “बिल असेल ना? वॉरंटी दोन वर्षं राहिलीय असं तुम्ही लिहिलंय.” आणि मी ते वाक्य बोललो. वीस हजार पाचशे हा आकडा त्याने माझ्यासमोर वाचावा हे मला नको होतं, एवढंच त्याचं कारण. कार्डावर सिरियल नंबर आहे, त्यावर होऊन जाईल, असंही काहीतरी पुढे जोडलं. तो “बरं” म्हणाला. जुन्या टॉवेलमध्ये कार्ड गुंडाळून त्याने सॅकमध्ये ठेवलं आणि सॅक पाठीवर न घेता पोटाशी धरली.

जिना चढताना मी स्वतःची समजूत घातली की हा मायनिंगच करणार. रेंडर वगैरे सांगायच्या गोष्टी.

तसं वाटून घ्यायला जागा होती. इथेरियम हे क्रिप्टो नाणं २०२० च्या जानेवारीत, म्हणजे मी कार्ड घेतलं तेव्हा, दीडशे डॉलरच्या आसपास होतं. २०२१ च्या मे महिन्यात ते चार हजारांच्या वर गेलं. हे नाणं पाडायचं काम ग्राफिक्स कार्डावर उत्तम होतं. माझ्यासारखं मध्यम कार्ड दिवसरात्र चालू ठेवलं तर त्या वसंतात दिवसाला दोन-तीन डॉलर सुटायचे, वीजही फार खात नव्हतं. म्हणजे कार्ड ही वस्तू राहिलीच नव्हती, दुभती म्हैस झाली होती, आणि म्हशीची किंमत ती दूध किती देते त्यावर ठरते. त्यात आणखी एक मेख होती. या कामासाठी कार्डाच्या मेमरीत एक भली मोठी फाइल ठेवावी लागायची आणि ती दर काही दिवसांनी फुगत जायची. २०२० च्या अखेरीस ती चार जीबीच्या पुढे गेली. चार जीबीची सगळी कार्डं एका रात्रीत भाकड झाली आणि सहा जीबीच्या कार्डांना सोन्याचा भाव आला. माझं कार्ड सहा जीबीचं. त्याच्या किमतीत माझं कर्तृत्व एवढंच, की दुकानात चार ऐवजी सहा म्हणालो होतो.

नवीन कार्डाचं काय झालं ते सांगायला नको. ३०६० आलं त्या दिवशी मी तीन साइट उघडून बसलो होतो. एका ठिकाणी ‘आउट ऑफ स्टॉक’ आधीच लिहिलेलं, दुसऱ्या ठिकाणी पान उघडेना, तिसऱ्या ठिकाणी कार्ड होतं, किंमत पन्नासच्या वर. मार्चमध्ये तर गंमतच झाली. मायनिंगला घातलेली ती खीळ एन्व्हिडियाच्याच एका चाचणीच्या ड्रायव्हरमधून, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून, चुकून निघाली. स्वतःच्या हाताने कुलूप लावून किल्ली दारातच ठेवल्यासारखं. खरी पंचाईत मात्र माझी होती, आणि ती अडाणीपणाची होती. माझ्या प्रोसेसरला स्वतःचं ग्राफिक्स नव्हतं. कार्ड काढल्यावर मशीन सुरू व्हायचं, पंखे फिरायचे, आणि पडदा काळा तो काळाच. मी डोळे विकून बसलो होतो. शेवटी आतेभावाच्या ऑफिसातल्या मोडीतून एक जुनाट जीटी ७१० मिळालं, त्यावर दीड वर्ष एक्सेल आणि जुने सिनेमे बघितले.

त्या दीड वर्षात कार्डं का मिळत नाहीत हे वाचण्याचा मला नाद लागला. खरं तर मला चोर सापडायला हवा होता. आपल्याकडे कांदा महागला की टीव्हीवाले लासलगावला जातात, कुणाच्या तरी चाळीतला साठा दाखवतात, आणि बघणाऱ्याला बरं वाटतं. इथे मात्र मायनिंगवाले आणि बॉटवाले सापडल्यावरही गोष्ट संपत नव्हती. कार्डांच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यांकडे माल बनवायची जागाच उरली नव्हती. साथ सुरू झाली तेव्हा गाड्या कोण घेणार म्हणून मोटार कंपन्यांनी चिपच्या ऑर्डरी मागे घेतल्या. त्यांच्या जागी लॅपटॉपवाले, टीव्हीवाले, गेमवाले शिरले, कारण सगळं जग घरी बसलं होतं. काही महिन्यांनी मोटारवाले परत आले तर रांग मारुतीच्या शेपटासारखी झालेली. चिपची एक चकती कारखान्यात शिरल्यापासून बाहेर पडायला तीन-तीन महिने लागतात, नवीन कारखाना उभा राहायला वर्षं लागतात. म्हणून मग चाकणला गाड्या अडून राहिल्या आणि मला कार्ड मिळेना, आणि दोन्हीचं कारण बऱ्याच अंशी एकच. शिवाय मोठी चिप तयार आहे पण तिला वीज नेमून देणाऱ्या, फुटकळ किमतीच्या बारक्या चिप नाहीत, म्हणून अख्खं कार्ड थांबलंय असंही चालू होतं. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं म्हणतात ते हेच.

मला सर्वांत जास्त नवल अजिनोमोटोचं वाटलं. आपल्याला अजिनोमोटो म्हणजे चायनीजच्या गाडीवरची पांढरी पावडर, जिच्यामुळे डोकं दुखतं असं आई सांगायची. त्याच जपानी कंपनीने नव्वदच्या दशकात, अमिनो आम्लांच्या रसायनशास्त्रातूनच, एक पातळ फिल्म काढली. ताकदवान चिप ज्या पाटावर बसते त्या पाटाच्या थरांमध्ये ही फिल्म असते, विजेच्या तारा एकमेकींना चिकटू नयेत म्हणून. जवळजवळ सगळं जग तीच वापरतं. २०२१ मध्ये तुटवडा होता त्यात हे पाटही होते. गाडीवर ट्रिपल शेजवान मागवताना मी आता त्या डब्याकडे जरा आदराने बघतो.

आणि तैवान. २०२० मध्ये तिथे एकही वादळ किनाऱ्याला लागलं नाही, असं ५६ वर्षांत झालं नव्हतं. वादळ नाही म्हटल्यावर आपल्याला हायसं वाटेल, पण त्यांची धरणं त्या वादळांच्या पावसावर भरतात. २०२१ च्या उन्हाळ्यापर्यंत तळ दिसायला लागले. चिप धुवायला अतिशय शुद्ध पाणी लागतं आणि खूप लागतं. तिथल्या चिप बनवणाऱ्या टीएसएमसी कंपनीने टँकर लावले. सरकारने हजारो हेक्टर भातशेतीचं पाणी तोडलं, शेतकऱ्यांना भरपाई दिली. फोटोत एका बाजूला भेगाळलेलं तळं होतं, एका बाजूला टँकरची रांग. टँकर हा शब्द मी मराठवाड्याच्या उन्हाळ्याशिवाय कुठे ऐकला नव्हता. आपल्याकडेही धरणातलं पाणी आधी उसाला, कारखान्याला की पिण्याला यावर दर मार्चला भांडण होतं, पण रात्री अकराला गेम खेळताना आपण त्या भांडणात कुठल्या बाजूला बसलोय याचा विचार मी कधी केला नव्हता. मी विकलेल्या कार्डाची चिप टीएसएमसीचीच होती. ती दुष्काळाच्या आधीची, हे खरं. पण तिची किंमत वाढली ती चिपच्या टंचाईने, आणि ती वाढ मी आहेराच्या पाकिटातून घेतली.

ऑक्टोबर २०२१ मध्ये, दोन डोस झाल्यावर, मी लॅमिंग्टन रोडला जाऊन आलो. कॉलेजात असताना मित्राचा पहिला पेंटियम आम्ही तिथूनच जोडून आणला होता, ग्रँट रोड स्टेशनपर्यंत खोकं दोघांनी धरून. तेव्हाचे बोळ अजून तसेच होते, केबलच्या प्लास्टिकचा आणि चहाचा मिसळलेला वास तसाच. दुकानदाराने कार्डाचं नाव ऐकलं आणि पाटीकडे नाही, फोनकडे बघितलं. “आजचा रेट बासष्ट.” उद्या? “उद्याचं उद्या.” सराफाच्या पेढीवर आल्यासारखं वाटलं. मी हो-नाही करत असताना तो पुढे म्हणाला, “पण नुसतं कार्ड नाही देणार हां. सोबत पॉवर सप्लाय आणि मॉनिटर घ्यावा लागेल.” मला हसूच आलं. ऐंशीच्या दशकात आमच्याकडे गॅसचं कनेक्शन आलं तेव्हा सोबत शेगडी घ्यावीच लागली होती. घरात चांगली शेगडी मावशीने दिलेली होती, तरी. दुकानदाराचं म्हणणंही मी ऐकून घेतलं. वरून येतानाच त्याच्या गळ्यात असे संच मारले जात होते, न खपणारे मॉनिटर तो तरी कुठे ठेवणार. तो चोर असावा अशी माझी फार इच्छा होती. समोर होता चष्मा कपाळावर चढवलेला, डबा अर्धवट सोडून माझ्याशी बोलणारा एक दमलेला माणूस.

मी चहा पिऊन परत आलो.

शेगडीची गोष्ट मी आईला फोनवर सांगितली तर तिने स्कूटरची गोष्ट काढली. ती मी अर्धीच ऐकली होती. बाबांनी चेतक बुक केली होती, तेव्हा बजाजच्या स्कूटरला वर्षानुवर्षं नंबर लागायचा. कारखाना आकुर्डीला, आमच्यापासून तासाभरावर, आणि स्कूटर मिळायला पोरगं शाळेत जायला लागायचं. पुण्यात तेव्हा एक शब्द सर्रास चालायचा, ‘ऑन’. ऑन देऊन घेतली, एवढा ऑन चाललाय. छापील किमतीच्या वर जे काही असेल ते ऑन. मला इतकंच माहीत होतं की बाबांचा नंबर लागला पण त्यांनी स्कूटर घेतली नाही, सायकलच बरी म्हणाले. मी लहानपणी त्याचा अर्थ साधेपणा असा लावला होता. आई म्हणाली, “साधेपणा कसला. वरच्या मजल्यावरच्यांनी ऑन दिला ना. कागद आपल्या नावावर आणि स्कूटर त्यांच्या दारात, बरीच वर्षं होतं तसं. आपला टीव्ही त्याच पैशांतला.” ऑन किती होता ते तिने सांगितलं नाही. “तुझ्या बाबांनी मलापण नव्हतं सांगितलं, मी पाकीट मोजलं होतं,” एवढंच म्हणाली. त्या टीव्हीवर मी ८७ सालचा वर्ल्ड कप बघितला. वरचे काका चेतकला तिरकी करून किक मारायचे आणि जिन्यात बाबा भेटले की दोघं काहीतरी वेगळंच बोलायचे, पावसाचं, नाहीतर पाण्याच्या टाकीचं.

कार्डांचं भूत पुढे आपोआप उतरलं. चीनने २०२१ मध्येच मायनिंगवर बंदी आणली होती, तेव्हा भाव थोडे हलले आणि परत चढले. खरी हवा गेली ती १५ सप्टेंबर २०२२ ला. त्या दिवशी इथेरियमने कार्डांवर नाणी पाडायची पद्धतच बंद केली, आणि जगभरातल्या गोदामांत गुरगुरणाऱ्या लाखो कार्डांना एका सकाळी काम उरलं नाही. त्या दसऱ्याला मी ३०६० घेतलं, ३३ हजारांना. दुकानदाराने वर माउसपॅड फुकट दिला. कुठल्याच मॉनिटरची गोष्ट काढली नाही.

आता पाळी रॅमची आहे. एआयच्या डेटा सेंटरना जी वेगवान मेमरी लागते ती डीरॅमचे, म्हणजे रॅममधल्याच चिपचे, थर एकावर एक रचून होते. ती बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या जगात तीनच, आणि जिथे पैसा जास्त तिथे त्या माल वळवणार. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने क्रुशल नावाची आपली ग्राहकांसाठीची शाखा आवरायची घोषणा केली. १९९६ पासूनचा ब्रँड, माझ्या दोन मशीनमध्ये होता. आणि म्हणून कपाटात धूळ खाणाऱ्या माझ्या दोन स्टिकना, ज्या मी जुलै २०२३ मध्ये ५,८०० ला घेतल्या होत्या, आज बारा हजार सहज येतात. मी जाहिरातीत बारा लिहिले. अकरा लिहून खोडले होते, तेही सांगून टाकतो. सात लिहावेत असं एकदा मनात आलं, मग वाटलं घेणाराच त्या पुढे बाराला विकेल. बाबांनीही असंच काहीतरी मनाशी बोललं असणार, पाकीट आत ठेवताना.

साताऱ्याच्या त्या मुलाचा नंबर माझ्या फोनमध्ये अजून आहे, ‘कार्ड सातारा’ या नावाने. बिल सापडलं त्या रात्री मी तो उघडून बसलो. डीपीमध्ये कुठलातरी किल्ला, बुरुजावर चार जण पाठमोरे. त्यातला कोणता तो, कळेना. कार्डाची वॉरंटी जानेवारी २०२३ लाच संपली. मध्ये ते कधी बिघडलं का, त्याने दुकानदाराला काय सांगितलं, मला काहीच माहीत नाही. मी ‘बिल सापडलं’ इतकं टाइप केलं आणि पुढे काय लिहायचं ते सुचेना म्हणून खोडलं.

रॅमवाला रविवारी सकाळी आला. तिशीतला, हेल्मेट काखेत. मी आधीच बिल प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून टीपॉयवर ठेवलं होतं, आकडा वर दिसेल असं. बारा हजार आधी फोनवर येऊ दिले आणि मग ते फोल्डर त्याच्यापुढे सरकवलं. कानशिलं तापली होती माझी. त्याने कागद बाहेर काढला, पंख्याने उडू नये म्हणून अंगठ्याने दाबून धरला. नेमका ५,८०० वर त्याचा अंगठा. वर तारीख बघितली.

“जुलै तेवीस,” तो म्हणाला. “म्हणजे वॉरंटी आहे अजून. छान.”

मग कागदाच्या चार घड्या घालून तो शर्टाच्या खिशात ठेवला, स्टिक दुसऱ्या खिशात, आणि चहा नको म्हणत जिना उतरायला लागला.